पार्लरमधल्या कॅप्सूल कोण तपासणार? अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

उदगीरला माझं मेडिकल आहे. आपल्या खात्याचे निरीक्षक येतात, खरेदीची बिलं बघतात, फ्रिजचं तापमान बघतात, फार्मासिस्ट हजर आहे का विचारतात. बघायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हाकेच्या अंतरावरच्या ब्युटी पार्लरमध्ये आणि पलीकडच्या जिममध्ये वजन उतरवायच्या कॅप्सूल राजरोस विकल्या जातात, तिथे कुणी फिरकत नाही.

लग्नसराईच्या तोंडावर एक ताई ‘छातीत धडधडतंय, काहीतरी द्या’ म्हणत दुकानात आल्या. दुसरं काय चालू आहे विचारलं तर पर्समधून डबी काढली. पांढरी प्लास्टिकची डबी, हिरव्या पानाचं स्टिकर, ‘शंभर टक्के हर्बल’, ‘महिन्यात दहा किलो’. बॅच नंबर नाही, उत्पादन परवान्याचा क्रमांक नाही, कारखान्याचा पत्ताही नाही. ‘भूकच लागत नाही बघा, झोप पण कमी झाली,’ हे त्या कौतुकानं सांगत होत्या. मी त्यांना गोळी न देता ईसीजी काढायला पाठवलं. त्या डबीत काय होतं हे मी सांगू शकत नाही. विकणारीही सांगू शकत नव्हती. पण भूक मरणं, झोप उडणं आणि धडधड, तिन्ही एकदम आलं की कुठल्याही औषधवाल्याला सिब्युट्रामिन आठवतं.

भूक मारून वजन उतरवणारं हे औषध रक्तदाब आणि नाडी वाढवतं. सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात, ज्यांना आधीच हृदयाचा त्रास होता त्यांच्यात हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढल्याचं दिसलं. २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेलं, फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्याकडेही बंदी आली. कागदावर विषय संपला. पण ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात तेच चोरून मिसळलेलं सापडल्याचे इशारे अमेरिकेचं औषध प्रशासन बंदीनंतरही देत आलं आहे.

फुप्फुसांचं दुखणं त्याहून जुनं. १९६५ च्या सुमारास स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत अमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी आली. फुप्फुसांतल्या रक्तदाबाचे रुग्ण एकाएकी वाढले आणि १९६८ मध्ये ती मागे घ्यावी लागली. फेनफ्लुरामिन या भूक मारणाऱ्या दुसऱ्या औषधाचं तेच झालं. हृदयाच्या झडपा खराब होतात हे दिसल्यावर १९९७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून उठलं. त्याआधीच्या वर्षी छापून आलेल्या अभ्यासात, अशा गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेणाऱ्यांना फुप्फुसांच्या या आजाराचा धोका सुमारे २३ पट आढळला होता. फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आतून जाड होतात, वाट अरुंद होते, हृदयाची उजवी बाजू जोर लावून लावून थकते. सुरुवातीला फक्त दम लागतो. आमच्याकडे दम लागला की बाई म्हणते, वजनामुळे असेल. आणि दुसरी डबी घेते.

फ्रान्समध्ये वजन उतरवायलाही दिलं जाणारं बेन्फ्लुओरेक्स हे औषध १९७६ पासून २००९ पर्यंत विकलं जात होतं. ब्रेस्त शहरातल्या फुप्फुसतज्ज्ञ इरेन फ्राशों यांनी रुग्णांच्या नोंदी तपासल्या, म्हणून झडपांचा प्रकार उघड झाला. तिथे निदान औषधाचं नाव आणि डॉक्टरची चिठ्ठी होती. आमच्या ताईंकडे स्टिकर आहे.

वजनाची सगळीच औषधं वाईट, असं माझं म्हणणं नाही. डॉक्टरनं तपासून, चिठ्ठीवर दिलेल्या औषधाचा हिशेब राहतो. घोटाळा पळवाटेत आहे. आयुर्वेदिक औषध विकायला विक्रीचा परवाना लागत नाही, मग ‘आयुर्वेदिक’ एवढा शब्द छापला की पार्लर, जिम, आठवडी बाजार, सगळं मोकळं. खऱ्या वैद्यांचंही यात नुकसान आहे. लठ्ठपणा बरा करण्याची औषधाची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं बसत नाही, तरी बसस्टँडच्या भिंतीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत ती चालूच आहे.

म्हणून मागणी एकच आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत पार्लर, जिम आणि कुरिअरनं येणाऱ्या डब्यांचे नमुने घ्या, प्रयोगशाळेत सिब्युट्रामिन आणि तत्सम औषधं शोधा, आणि निकाल डबीच्या फोटोसह मराठीत जाहीर करा. नुसतं ‘कारवाई सुरू आहे’ छापून आलं तर दुसऱ्या दिवशी स्टिकर बदलतं.

१९४० च्या औषध कायद्याचं कलम २६ कुठल्याही नागरिकाला फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क देतं. उदगीर, अंबाजोगाई, वसमतच्या माणसानं डबी कुठे द्यायची, फी किती, अहवाल किती दिवसांत, एवढा फलक प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाबाहेर लावायला फार खर्च येणार नाही. पहिला नमुना मी माझ्या पैशानं द्यायला तयार आहे. पत्ता कळवावा.

आपला,
उदगीर येथील एक औषध विक्रेता