हिर्टाच्या कड्यावरून

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

ग्लासगोच्या विमानतळावर तू विचारलंस, "आई, बेटावर सगळ्यात काय आवडलं?" बॅगांचं वजन, पासपोर्ट, तुझे भरून आलेले डोळे, या गडबडीत उत्तर राहून गेलं. गुहागरला येऊन आज दहा दिवस झाले. पाखाडी शेवाळाने निसरडी झाली आहे, बाहेर पडायची सोय नाही, म्हणून निवांत लिहायला बसले. तुझी ड्यूटी आयत्या वेळी बदलली आणि दोघींनी ठरवलेल्या सेंट किल्डाच्या सहलीला मी एकटीच गेले, त्याची चुटपुट अजून मनात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्कॉटलंडमधल्या हॅरिसच्या लेव्हरबर्ग धक्क्यावरून सकाळी बोट सुटली. निघायच्या आधी सगळ्यांना आपापल्या पिशव्या उघडून तपासायला सांगितलं. कशासाठी, तर उंदीर! सेंट किल्डाच्या बेटांवर घुशीसारखा मोठा उंदीर नाही, म्हणून तर बिळात आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे टिकले आहेत. एखादी गाभण मादी पिशवीतून उतरली तरी काही वर्षांत अंडी-पिल्लं फस्त होतील. मी आपली शेंगदाण्याच्या लाडवांची पुडीसुद्धा उघडून पाहिली.

तीन तास पश्चिमेला नुसतं पाणी. मग क्षितिजावर काळपट काहीतरी दिसायला लागलं. मला वाटलं ढग आहेत. जवळ गेल्यावर त्या ढगांना कडे फुटले. हा सगळा द्वीपसमूह म्हणजे साडेपाच-सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा समुद्राने खाऊन उरवलेला भाग. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपला कातळ त्यांच्या कातळाहून थोडा वडीलच. पण आपल्याकडे कडा म्हटला की थरावर थर दिसतात, तसं तिथे नाही. एका बाजूला काळा गॅब्रो खडक, दुसरीकडे फिकट ग्रॅनाइट, आणि तो सरळ पाण्यातून वर गेलेला. त्यातल्या सगळ्यात मोठ्या, हिर्टा बेटावरचं कोनाहर शिखर ४३० मीटर आहे आणि त्याची उत्तरेची बाजू जवळजवळ तेवढीच खोल समुद्रात तुटते. ब्रिटनमधला सर्वांत उंच समुद्रकडा तोच.

माझ्या गुडघ्यांना कोनाहर झेपणार नव्हतं. गावाच्या मागे एक खिंड आहे, तिला 'गॅप' म्हणतात, तिथवर हळूहळू गेले. इकडून गवताचा साधा उतार. मेंढ्या चरताहेत, आपण सड्यावरून चालतोय असंच वाटतं. आणि चालता चालता पुढची जमीन संपते. मी शेवटची दहा-बारा पावलं रांगत गेले आणि पोटावर पालथी पडून खाली पाहिलं. लाटा दिसत होत्या, त्यांचा आवाज येत नव्हता. आवाज होता तो पक्ष्यांचा, आणि कड्याला आपटून वर येणाऱ्या वाऱ्याचा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या वाऱ्यावर एक फुलमार नावाचा समुद्रपक्षी आला आणि माझ्या तोंडासमोर हातभर अंतरावर थांबला. पंख ताठ, एकदाही न हलवलेले. फक्त शेपटीचं टोक आणि पायाचे पडदे किंचित इकडेतिकडे करून तो वाऱ्याला तोलत होता. राखी पाठ, पांढरं डोकं, चोचीवर नाकपुड्यांची नळी, डोळ्यापुढे काजळ फिसकटल्यासारखी सावली. त्याने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. मी श्वास रोखून धरला होता. मग तो बाजूला सरकला आणि परत आला, तीन वेळा आला. खालच्या कपारीत त्याचीच जातभाई अंड्यावर बसलेली होती. वर्षाला एकच अंडं. ते गेलं तर त्या वर्षी दुसरं नाही. हे पक्षी पहिलं अंडं घालायला आठ-नऊ वर्षं घेतात आणि चाळिशी ओलांडून जगतात. म्हणजे माझ्यासमोर तरंगणारा तो तुझ्याहून मोठा असू शकेल! फार जवळ गेलं तर ते घशातून घाणेरड्या वासाचं तेल थुंकतात. मी सांभाळून अंतर ठेवलं.

हे पक्षी हेच त्या बेटावरच्या माणसांचं अन्न होतं. तिथे झाड नाही, पीक थोडं, आणि समुद्र असा की होडी घालायची चोरी. मग पुरुष दोराने कड्यावर उतरत. ऑगस्टमध्ये फुलमारची पिल्लं धरायची, तेल दिव्याला आणि औषधाला, पिसं जमीनमालकाचा खंड भरायला. मांस वाळवायला त्यांनी दगडी खोपटी बांधली, त्यांना क्लीट म्हणतात. चुना नाही, माती नाही, नुसते दगड रचलेले, म्हणजे फटींतून वारा खेळता राहतो. वर मातीसकट गवताचं छप्पर. अशी हजाराहून जास्त क्लीट त्या डोंगरभर पसरली आहेत. आणि एवढं शतकानुशतकं खाऊनही १८७८ पर्यंत ब्रिटनमध्ये फुलमार वीण करत होता तो फक्त इथेच. मला ते फार विशेष वाटलं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरच्या गुहांतून पाकोळ्यांची लाळेची घरटी चोरून विकली जायची, तेव्हा अंडी-पिल्लांसकट खरवडून नेत. इथली माणसं मात्र त्याच कड्यावर पुढच्या वर्षीही जेवायचं आहे हे जाणून होती.

तुझ्या कामाची एक गोष्ट. एकोणिसाव्या शतकात तिथे जन्मलेली कितीतरी बाळं आठवडाभरात धनुर्वाताने दगावत. अँगस फिडिस नावाचा पाद्री मुद्दाम ग्लासगोला जाऊन जंतुनाशक वापरून नाळ कशी सांभाळायची ते शिकून आला आणि १८९० नंतर ती रांग थांबली. तुझ्या वॉर्डात तू रोज हेच करतेस.

परतीच्या वाटेवर बोट बोरेरे बेटाला वळसा घालते. त्याच्याशेजारी दोन सुळके आहेत, स्टॅक ली आणि स्टॅक अन आर्मिन. दुसरा १९६ मीटर. लांबून त्यांच्या माथ्यावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. ती गॅनेट पक्ष्यांची गर्दी आणि त्यांची शीट. त्या तीन खडकांवर मिळून साठ हजारांच्या आसपास जोड्या! मान वर करून पाहिलं की आभाळच गोल फिरतंय असं वाटतं. वरून एकेक पक्षी पंख मागे मिटून बाणासारखा पाण्यात शिरतो. ताशी शंभर किलोमीटरच्या घरातला वेग. कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात म्हणून छाती फुटत नाही.

बोटीपासून चार हातांवर एक गॅनेट पाण्यावर बसला होता. तुझ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर डोळा काळा. बाकीच्यांचा फिकट निळा, काचेसारखा. २०२२ मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा गॅनेट हजारोंनी मेले. त्यातून जे वाचले त्यातल्या काहींची बुबुळं अशी काळी झाली. स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या बास रॉक बेटावर हे आधी लक्षात आलं. इथल्या मोठ्या स्कुआ नावाच्या समुद्रपक्ष्यांवर तर २०२१ मध्येच ही साथ आली होती. तो पक्षी मरणातून परतलेला असावा. मी त्याच्याकडे पाहतच राहिले.

याच आर्मिन सुळक्यावर १७२७ च्या ऑगस्टमध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी धरायला उतरले. होडी न्यायला आलीच नाही, कारण गावात देवीची साथ पसरली होती. नऊ महिने ते त्या उभ्या दगडावर राहिले. हिवाळाभर! पक्षी, मासे, पावसाचं पाणी. पुढच्या मे महिन्यात बोट आली तेव्हा अकराही जण जिवंत होते, आणि गावात बहुतेक घरं रिकामी. त्या आठ पोरांच्या आयांनी आजारपणात या सुळक्याच्या दिशेने किती वेळा पाहिलं असेल? बोटीतले सगळे फोटो काढत होते. मला ते जमलं नाही. याच सुळक्यावर १८४० च्या सुमारास ब्रिटनमधला शेवटचा ग्रेट ऑक मारला गेला. उडता न येणारा, बदकाहून मोठा पक्षी. नंतर काही वर्षांत तो जगातूनच संपला.

शेवटची ३६ माणसं २९ ऑगस्ट १९३० ला बेट सोडून गेली. त्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला होता. तरुण निघून गेले, मागे उरलेल्यांना रेटेना. त्या एका रस्त्यावरून, बिनछपराच्या घरांसमोरून चालताना आपली वाडी आठवली, कुलपं लावलेली. पण त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही, आणि तुझंही नाही. हे तुला एकदा लिहून द्यायचंच होतं.

माणसांबरोबर घरात राहणारा छोटा उंदीरही तिथून दोनेक वर्षांत नाहीसा झाला. शेतातला मात्र राहिला, रिकाम्या घरांत शिरला. आणि तिथला रेन! एका घरात चुलीच्या जागेशी उभी होते, तेवढ्यात दगडाच्या फटीतून चिमणीहून लहान, राखट तपकिरी पक्षी बाहेर आला. शेपटी दयाळासारखी उभी, आणि एवढ्याशा देहातून असा खणखणीत आवाज की भिंती भरून गेल्या. ही उपजात जगात फक्त याच बेटांवर आहे. अंडी आणि कातडी जमवणाऱ्यांनी तिला इतकं लुटलं की १९०४ मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तो पक्षी चोचीत किडा घेऊन परत फटीत शिरला. आत पिल्लं होती, त्यांची किरकिर ऐकू आली.

तू पुढच्या जूनमध्ये नक्की जा. आग्नेयेचा वारा असेल तर किनाऱ्यावर उतरवत नाहीत, म्हणून हाताशी एक-दोन दिवस जादा ठेव आणि रजा आत्ताच टाक. गरम टोपी ने. तुझी दुर्बीण चुकून माझ्याच बॅगेत आली आहे. शेजारच्या काकूंचा भाचा ऑगस्टमध्ये एडिंबराला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. काचेवर समुद्राचं मीठ बसलं आहे, ते पुसलेलं नाही.

तुझी,
आई