दिवा जरा बाजूला घे

नौपाडा, ठाणे
रविवार, सकाळ

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, आता कपडा दिसला तरी शिसारी येते." दिवसाला ऐंशी कुर्त्यांचे फोटो, पांढरी भिंत, दोन सॉफ्टबॉक्स (ते मऊ उजेडाचे दिवे), पाठीला चिमटे लावून कुर्ता तंग करायचा, समोरून, मागून, बाजूने, की पुढचा. मी तर याला कपड्यांची हजेरीच म्हणेन. (पगार वेळेवर येतो, तेवढं मात्र विसरू नकोस.)

स्टुडिओत मीही हजेरीच घेत होते. पासपोर्ट, मुंजी, लग्नं. हौस फक्त रविवारची. सेकंडहँड याशिका मॅट, १२० चा रोल, फोटो बारा. तेरावा नाही. त्या कॅमेऱ्यात मान खाली घालून वरून बघायचं, आणि डावं-उजवं उलटं दिसायचं. समोरची बाई मात्र लवकर सैलावायची. तिच्यावर कोणी डोळे रोखलेले नसायचे ना! मॉडेल म्हणजे आजीची ब्लाउजची गिऱ्हाइकं. आजीच्या मशीनपाशी वाढले म्हणून की काय, मला आजही चेहऱ्याआधी खांद्याची शिवण दिसते. उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं कापड अंगावर कसं सांडतं, हे मला कॅमेरा हातात येण्याआधीच ठाऊक होतं.

आजीच्या पैठणीचा पहिला फोटो मी समोरून फ्लॅश मारून काढला. साडीतली जर पांढरीफटक, रेशीम सनमायकासारखं सपाट. अख्खा रोल वाया. पुढच्या रविवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंना नेसवून उत्तरेच्या खिडकीकडे बाजू करून उभं केलं. दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल धरून तुझे बाबा, तोंडाने कुरकुर चालू. उजेड बाजूने आला आणि प्रत्येक निरीला आपली आपली सावली मिळाली. त्या पैठणीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. काकू सहज वळल्या आणि हिरव्यातून जांभळा वर आला. मी बटण दाबायचंच विसरले. काकूंना पुन्हा वळायला लावलं, पण ते पहिलं वळणं काही परत आलं नाही.

तेव्हापासून हे वेड आहे. गौतम राजाध्यक्षांचे फोटो मासिकांतून कापून वहीत चिकटवायचे आणि डोळ्यांतल्या चकाकीवरून दिवा कुठे असेल ते शोधत बसायचे. अर्विंग पेन या अमेरिकन फोटोग्राफरनं १९५० साली पॅरिसमध्ये एका जुन्या नाट्यगृहाचा पडदा मागे लावून, खिडकीच्या उजेडात भारी भारी कपडे टिपले, हे वाचलं तेव्हा मी दिवाणावरची चादरच ओढून काढली होती. त्या दिवशी पाहुणे आले आणि गादीवर बसले, ती गोष्ट वेगळी.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. जेवणाच्या सुट्टीत एक कुर्ता घे. चिमटे काढ. एक सॉफ्टबॉक्स बंद कर, दुसरा पार बाजूला घे, आणि त्या मुलीला उभी राहा म्हणण्याऐवजी चालायला सांग. बारा फोटो काढ आणि मला पाठव. नावं ठेवायला मी बसलेलीच आहे.

गेल्या दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर गेले होते. गर्दी नेहमीचीच, पोरंपोरी नटूनथटून, ज्याच्या-त्याच्या हातात मोबाईल. एका दुकानाच्या पायरीवर एक मुलगी दातात सेफ्टी पिन धरून मैत्रिणीच्या नऊवारीचा काष्टा सारखा करत होती. मैत्रीण कंबरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघतेय, स्वतःवर खूश. दुकानाच्या पाटीचा उजेड बाजूने. एकच फोटो मिळाला, सोबत ठेवला आहे. डावीकडचा स्कूटरवाला कापता आला असता, ठेवला.

याशिकाच्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी धरली आहे, येशील तेव्हा तुझ्या ओळखीच्या माणसाला दाखवू. पैठणीच्या घड्या काल बदलल्या. जुन्या घडीवर जर विरायला लागली आहे. या दिवाळीला ती तू नेसणार की तिचा फोटो काढणार, ते आधी कळव. नेसणार असशील तर ब्लाउज उसवावा लागेल.

तुझी
आई