आधी कॉपी, मग बाकीचं: नानांचा कॉम्प्युटर उघडून देणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्ही तसं बजावून सांगितलं होतं. सांगलीत गावभागातल्या आमच्या घरी तुम्ही दोन संध्याकाळी आणि एक अख्खा रविवार घालवलात. जाताना नव्या हार्डडिस्कची किंमत आणि वर बाराशे रुपये घेतलेत. आईने चहा दिला, मी पैसे मोजले, आणि जे बोलायला हवं होतं ते आमच्या दोघींच्याही तोंडून निघालं नाही. ते आज लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण ज्यांच्या घरी असाच एखादा बंद कॉम्प्युटर कापड टाकून ठेवलाय त्यांनाही हे कळावं असं मला मनापासून वाटतं.

नाना, म्हणजे माझे वडील, मार्गशीर्षात गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी मी त्यांच्या टेबलापाशी बसून कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर त्यांचं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. जन्मतारखा घालून पाहिल्या, स्कूटरचा नंबर, जोतिबा, आमच्या मूळ गावाचं नाव, नातवाचं नाव. प्रत्येक वेळी नकार, आणि त्याच्याखाली नानांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली खूण: ‘नेहमीचा’. नेहमीचा म्हणजे कुठला, हे ज्याला विचारायचं तो माणूसच नव्हता. त्या एका शब्दापुढे मी किती वेळ बसले होते ते आठवत नाही. आई दारात उभी होती. ती म्हणाली, “राहू दे गं आज.”

तुमच्या आधी आम्ही एका दुकानात गेलो होतो. तिथल्या माणसाने झाकणही न उघडता सांगितलं, “फॉरमॅट मारून देतो, दोन तासांत नव्यासारखा.” फॉरमॅट मारला की आतलं सगळं जातं, हे त्याने आपण होऊन सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा सांगितलं. भावाला घाई होती, आणि खरं सांगायचं तर मीही थकले होते. तो कॉम्प्युटर त्या दिवशी तिथेच ठेवून यायचं आमच्या हातून होता होता राहिलं. आजही रात्री मध्येच ते आठवतं आणि अंगावर काटा येतो.

मग मावसभावाने तुमचा नंबर दिला. फोनवर तुमचा पहिला प्रश्न मॉडेल कुठलं हा नव्हता. तुम्ही विचारलंत, “ताई, आत काय हवंय तुम्हाला?” मी म्हटलं, सगळं. तुम्ही म्हणालात, “सगळं असं नसतंय. कागदपत्रं, फोटो, का मेल? त्याच्यावर ठरतंय कसं उघडायचं ते.” आणि त्याच दमात मृत्यूचा दाखला काढून ठेवायला सांगितलात, आईच्या सहीचं पत्र मागितलंत, वर भावालाही फोन करून त्याची हरकत नाही ना हे विचारलंत. तेव्हा मला राग आला होता. आमच्याच वडिलांची वस्तू, आणि दाखले कसले मागतो हा मुलगा? पण दुसऱ्याच्या मशीनमध्ये परवानगीवाचून शिरणं हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि माणूस गेल्यावर घरातली चार माणसं चार बाजूंना ओढायला लागतात हे तुम्ही पाहिलेलं होतं. तुम्ही आमच्यावर संशय घेत नव्हता. नानांच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं होतं, ते तुम्ही राहिलात.

तुम्ही आलात, टेबलाखाली बसलात, आणि बाजूचं झाकण काढायच्या आधी टेबलाच्या पायांकडे बोट दाखवलंत. लाकडावर मातीची रेघ होती. २०१९ च्या पुराची. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ ला. नानांनी आधी हा कॉम्प्युटर माडीवर नेला आणि मग धान्याचा डबा, हे आईने तुम्हाला तिथेच सांगितलं. तुम्ही काही बोलला नाहीत. पण त्यानंतर तुम्ही त्या यंत्राला ज्या हाताने धरलंत तो वेगळा होता.

मी विचारलेला प्रत्येक बाळबोध प्रश्न तुम्ही ऐकून घेतलात. पासवर्डच नाही तर आतलं दिसणार कसं? तुम्ही म्हणालात, “पासवर्ड म्हणजे पुढच्या दाराचं कुलूप. सामान काय कुलपात नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सामान दिसतंय.” नानांची विंडोज ७ ची घरगुती आवृत्ती होती, तिच्यात बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्कच कुलपात घालणारी सोय, नसतोच. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ असती आणि डिस्कच सांकेतिक केलेली असती, तर ४८ आकड्यांची किल्ली लागली असती. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किंवा कुठे कागदावर सापडली तर ठीक. “नाहीतर मग मीसुद्धा हात टेकतो, ताई. तिथं कोण उघडून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.” हे तुम्ही आमच्या कामाशी संबंध नसतानाही सांगितलंत.

आणि मग ते वाक्य, जे मी आता भेटेल त्याला सांगते: “आधी कॉपी, मग बाकीचं.” डिस्क बारा वर्षांची, काही भाग वाचताना अडखळत होता. आपण हवं ते शोधत बसलो आणि मध्येच ती बसली तर हवं ते आणि नको ते दोन्ही जाईल. म्हणून आधी तिच्यावरचं एकूण एक अक्षर नव्या डिस्कवर उतरवायचं, मूळ डिस्कवर काहीही न लिहिता, आणि पुढचा सगळा शोध त्या प्रतीवर. तुम्ही तुमचा लॅपटॉप आमच्याकडे रात्रभर चालू ठेवून गेलात. अकरा तास लागले. लाइट जाईल म्हणून आईने त्या खोलीत गादी घातली आणि इन्व्हर्टरच्या दिव्याकडे बघत दोनपर्यंत जागी राहिली. नाना दवाखान्यात होते तेव्हा तिला आत बसू दिलं नव्हतं. त्या रात्री तिला बसता आलं. हे तिने मला नंतर, खूप नंतर सांगितलं. तुम्हाला ते ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून इथे सांगते.

रविवारी सकाळी फोल्डरची यादी पडद्यावर आली. मी तुमच्या खांद्यावरून वाकून बघत होते. आणि तुम्ही लॅपटॉप आईकडे फिरवलात, उठलात, म्हणालात, “काकू, तुम्ही बघा. कुठं अडलं तर हाक मारा,” आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलात. तासभर. ऊन आलं तरी आत आला नाहीत.

दादा, या पत्राचं खरं कारण तो तासभर आहे. कुलूप उघडणारा माणूस शोधला तर मिळतो. उघडल्यावर तोंड फिरवून बाहेर बसणारा मिळत नाही. नानांचं जे होतं ते पहिल्यांदा आईच्या नजरेला पडलं, परक्या कुणाच्या नाही.

अर्थात तासाभराने आम्ही तुम्हाला हाक मारलीच. फायली उघडत होत्या, पण आत मराठीचा पत्ता नव्हता. रोमन अक्षरं, टिंबं, उलटसुलट चिन्हं. मला वाटलं डिस्क खराब होती, मजकूर नासला. तुम्ही एक नजर टाकलीत आणि विचारलंत, “काका सरकारी नोकरीत होते काय?” होते. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. पन्नाशीत एमएस-सीआयटी केलेले, आणि कचेरीत सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम नावाच्या सॉफ्टवेअरवर मराठी टायपिंग शिकलेले. निवृत्तीनंतरही त्यांनी तेच धरून ठेवलं होतं. युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत, त्याच्या आधीची ती पद्धत: आत साठतात दुसरीच चिन्हं, आणि त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसेल तर सगळा कचरा दिसतो. “फॉन्ट ह्याच डिस्कवर असणार की,” तुम्ही म्हणालात. नानांच्याच विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमधून तुम्ही डीव्हीबी-टीटी योगेश हा फॉन्ट उचललात, तुमच्या लॅपटॉपवर घातलात, फाइल बंद करून पुन्हा उघडलीत.

आणि नाना बोलायला लागले.

‘शेजारच्या जिन्याची तिसरी पायरी, सन २००५.’ ‘मारुतीच्या पाराला पाणी लागले म्हणजे आपल्याकडे चार तास.’ एक मोठी एक्सेलची फाइल होती, तारखेवार. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग, अलमट्टीची पातळी किती मीटर, आयर्विनला किती फूट किती इंच, आणि शेवटच्या रकान्यात आमच्या गल्लीतल्या कुठल्या घराच्या कुठल्या खुणेला पाणी पोचलं. टीव्हीवर पुलाचा आकडा सांगतात, पण त्या आकड्याला आपल्या उंबऱ्याशी काय होणार हे कुणी सांगत नाही. ते नाना वर्षानुवर्षं लिहून ठेवत होते. २०१९ च्या ओळीत फक्त एवढंच: ‘खिडकीच्या वर चार बोटे. ही घरी नव्हती ते बरे.’ ही म्हणजे आई. ती माझ्याकडे पुण्याला होती तेव्हा. ती ओळ तिने बोट ठेवून तीनदा वाचली.

ठेवींची यादीही मिळाली. त्यात एका पतसंस्थेतली पावती होती जिचा आम्हाला पत्ताच नव्हता. वारस नोंद झाली, पैसे आले, आईचा त्या वर्षाचा औषधांचा खर्च निघाला. ते तुमच्यामुळे. पण ते दुसऱ्या नंबरचं.

शेवटी मी विचारलं होतं, आता पासवर्ड काढूनच टाका ना, म्हणजे मूळ मशीनही चालू होईल. तुम्हाला ते सहज जमलं असतं, दहा मिनिटांचं काम. तुम्ही नाही म्हणालात. बाहेरून पासवर्ड पुसला की ब्राउझरमध्ये काकांनी साठवलेले पासवर्ड कायमचे जातात, कारण ते त्याच पासवर्डाच्या आधाराने बांधलेले असतात. “आज नको असतील तुम्हाला. उद्या लागतील. माझ्या हातनं नको जायला.” त्यांच्या मेललाही तुम्ही हात लावला नाहीत. गेलेल्या माणसाच्या खात्यासाठी गूगलकडे घरच्यांनी रीतसर अर्ज करायची सोय आहे, तो कसा करायचा एवढं दाखवलंत. दोन वर्षं खातं वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, म्हणून रेंगाळू नका, हेही सांगितलंत. तो अर्ज आम्ही केलाय.

तुम्ही गेल्यावर त्याच रात्री मी माझ्या गूगल खात्यात ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ शोधून काढला. मी तीन महिने खात्यात आले नाही तर भावाला कळेल आणि मी निवडलेलं तेवढं त्याला मिळेल. लॅपटॉपचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून आईच्या कपाटात ठेवलाय, रेशनकार्डाच्या पिशवीत. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आजच्या आज एवढं करावं, अशी हात जोडून विनंती आहे. सगळ्यांना तुमच्यासारखा माणूस भेटेलच असं नाही.

नानांचा ‘नेहमीचा’ आम्हाला अजून कळलेला नाही. मूळ डिस्क तुम्ही जागच्या जागी बसवून दिलीत तशीच आहे. कॉम्प्युटर टेबलावर आहे. आई आठवड्यातून एकदा तो पुसते, कधी चालू करते, पडद्यावरचं नाव बघते आणि बंद करते. पुराची फाइल आता माझ्या लॅपटॉपवर आहे. सगळा मजकूर मी युनिकोडमध्ये टाइप करून घेतला आणि गल्लीतल्या बारा घरांना त्याच्या छापील प्रती दिल्या. या पावसाळ्यात इशाऱ्याची ४० ची पातळी जवळ आली तेव्हा आईने पाराकडे जाऊन पाहिलं आणि मला फोनवर आकडा सांगितला. मी तो त्यांच्या रकान्यात भरला.

एक राहिलं. तुमचा छोटा, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर टेबलाखाली राहिला होता. आईने तो नानांच्या चष्म्याच्या डब्यात ठेवलाय आणि कुरिअर करायला ती तयार नाही. म्हणते, “त्याला म्हणावं स्वतः येऊन घेऊन जा, आणि जेवून जा.” रविवारी या. दुपारी बाराच्या आत या, म्हणजे भाकरी गरम मिळेल.

तुमची,
गावभागातली ताई