सही झाली आहे, रागावू नका

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं की आई गप्प होते आणि बाबा 'बरं' म्हणून फोन ठेवतात, म्हणून पत्र. जोहान्सबर्गचं कंत्राट मी आणखी दोन वर्षं वाढवलंय. परवा सही केली. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण तुम्ही नको म्हणाला असतात, तर माझा हातच उचलला नसता.

बाबा, 2021च्या जुलैतले ते व्हिडिओ मोबाइलमधून काढून टाका बघू. माजी राष्ट्राध्यक्ष झुमांना तुरुंगात टाकल्यावर साडेतीनशेच्या वर माणसं गेली, मॉल लुटले गेले, हे खरं. चोऱ्यामाऱ्या आजही आहेत, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण अंधार पडल्यावर मी पायी कुठेच जात नाही, आणि फाटकावर रात्रंदिवस पहारा असतो. 2024पासून दिवे जाणंही पुष्कळ कमी झालंय. तूरडाळ फोर्ड्सबर्गला मिळते. जेवते वेळेवर, आई.

तुम्ही विचारता, 1994ला सगळ्यांनी मतं दिली, मंडेला आले, मग अजून हे असं का? बाबा, पाटबंधाऱ्यात जन्म गेला तुमचा, तुम्हाला नकाशा बघूनच कळलं असतं. कुणी कुठे राहायचं हे 1950च्या कायद्याने रंगावरून ठरवलं. तो कायदा 1991ला गेला. पाइप, रस्ते, शाळा होत्या तिथेच राहिल्या. सँडटनच्या काचेच्या इमारती आणि अलेक्झांड्राची पत्र्याची घरं, मध्ये फक्त एक हमरस्ता. नव्या सरकारने लाखो घरं बांधली, पण बरीचशी जमीन स्वस्त मिळाली तिथे, म्हणजे पुन्हा गावाबाहेरच. वर मधल्या वर्षांत खाल्लेला पैसा. तिघांत एक जण बेकार. मंडेलांचा पक्ष 2024ला चाळीस टक्के मतांवर घसरला तो काही उगीच नाही. आता कालच्या विरोधकांना सोबत घेऊन सरकार चालवतोय. आमचं काम त्या जुन्या पाइपांचंच आहे. अर्धवट टाकून आले असते तर तुम्हीच बोलला असतात.

घरकामाला ताई येतात, सोवेटोहून. साडेचारला घर सोडतात, दोन शेअर टॅक्सी बदलतात. पहिल्या दिवशी मी चहा दिला तर कप तसाच ठेवला आणि पिशवीतून टवके उडालेला मग काढला. आधीच्या घरांत तसंच असायचं म्हणे. आई, आजीच्या मागच्या दारी कोनाड्यात ती कान तुटलेली कपबशी होती बघ. मी एकदा तिच्यातून दूध प्यायले तेव्हा केवढा गहजब! तुला लागावं म्हणून नाही गं लिहीत. पुढे ती तुझ्या हातून निसटली आणि फुटली. मला तेव्हाही वाटलं होतं, निसटली नव्हती.

असो. बाबांनी टाकीवर चढायचं नाही, माणूस बोलवायचा, पैसे मी देईन. आई, साखर तपासल्याचा कागद मला या रविवारी फोटो काढून पाठव; 'नॉर्मल आहे' हे तुझं चालणार नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. रात्री जिन्यातला दिवा चालू ठेवा, बिलाचा विचार करू नका.

दिवाळीला पंधरा दिवस येतेय, तिकीट काढलंय. गोडा मसाला या वेळी दुप्पट कर. ताईंना माझी आमटी आवडते. अजून त्यांच्या मगमधूनच पितात.

तुमची,
छकुली