ज्यांची नावे विचारायची राहिली, त्यांचे आभार

गेल्या शनिवारी आमच्या प्राथमिक शाळेतील तिसरी-चौथीची ४२ मुले अजब बंगला, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, पाहून परतत असताना झिरो माइलजवळ बस बंद पडली. भर उन्हात ज्या ऑटोचालकांनी भाड्याचा विषयही न काढता फेऱ्या करून मुलांना शाळेत पोहोचवले आणि ज्या रसवंतीवाल्या काकूंनी आपला माठ रिकामा होईपर्यंत त्यांना पाणी पाजले, त्यांची नावे विचारण्याचे भान आम्हा शिक्षकांना राहिले नाही, ही चूक आमचीच. तेवढ्या वेळात एका आजोबांनी मुलांना तेथील वालुकाश्माचा स्तंभ आणि घोड्यांचे पुतळे समजावून सांगितले.

सोमवारच्या परिपाठात, एरवी तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्या तिसरीतल्या एका मुलीने त्या घोड्यांवर स्वतः लिहिलेल्या पाच ओळी खणखणीत वाचल्या. त्याच आठवड्यात चौथीच्या वर्गाचे तीसपर्यंतचे पाढे पूर्ण झाले, तरी आमच्या लेखी या आठवड्याची कमाई त्या पाच ओळीच आहेत.

ऑटोत राहिलेली, झाकणाला दोरा बांधलेली लाल बाटली मंगळवारी फाटकाशी ठेवून निघून जाणाऱ्यांसह आपणा सर्वांचे शाळेतर्फे मनःपूर्वक आभार.