मिरगाआधी या

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, रागावू नकोस. शिमग्याला आले होते तेव्हा न्हाणीमागचे सोनटक्क्याचे दोन गड्डे आणि अळवाचे चार कंद गोणपाटात गुंडाळून आणले. विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. गेल्या श्रावणात तिथल्याच शेवाळावर तू घसरलीस, तेव्हापासून पाऊस लागला की माझा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून ठरवलंय, यंदा मिरगापासून दिवाळीपर्यंत तुम्ही दोघं पुण्याला. तिकिटं काढली आहेत.

‘अळवाला पाणी कोण घालील?’ हे तुझं नेहमीचं. अगं, पावसात आगरातलं अळू कुणाच्या कळशीची वाट बघत नाही. पाऊस सरून पाणी घालायची वेळ येईल तेव्हा तुम्ही परत घरी असाल. घर सोडा असं मी म्हणतच नाहीये.

इथली हवा कोरडी, हे खरं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. एप्रिलात सोनटक्क्याच्या कोवळ्या पानांच्या कडा कागदासारख्या करपल्या. मग टब पूर्वेच्या गॅलरीत आणले. सकाळचं कोवळं ऊन, नंतर सावली. भरपूर शेणखत, कोकोपीट, वर वाळक्या पाल्याचा थर. अळवाच्या टबाला भोक पाडलं नाही, त्याला पाय ओलेच लागतात. हळदीच्या कुंडीला मात्र चार भोकं पाडली. बाबा, तुम्हीच सांगायचात, हळदीला ओल हवी पण पाणी तुंबलं की कंद कुजला.

लहानपणी अळवाच्या पानावरचा थेंब न सांडता मी चुलीपर्यंत आणायची, आठवतं? काल पहाटे नव्या पानावर तसाच थेंब होता. मी कितीतरी वेळ तिथेच बसले.

लिफ्ट आहे, न्हाणीत धरायला दांडा बसवलाय, उकडा तांदूळ आणलाय, सकाळची पेज चुकणार नाही. बाबा, गोळ्या दोन महिन्यांच्या घ्या, चष्म्याचा नंबर लिहिलेला कागदही. आई, तोवर न्हाणीमागे पाऊल टाकायचं नाही. बियाण्याची हळद तेवढी पिशवीत घाल, कुंडी रिकामी ठेवली आहे. नागपंचमीच्या पातोळ्यांना पानं त्यातलीच काढू. सोनटक्क्याचं पहिलं फूल तूच खुडायचं.

रविवारी पहाटे स्टँडवर उभी असेन. सामान बाबांनी उचलायचं नाही.

तुमची,
चिमी