दुसरी किल्ली

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

राणी चन्नम्मा गाडी हलली तरी तू खिडकीतून हात केला नाहीस. बाबा म्हणाले, मोबाइल बघत असेल. असेलही.

'सगळं खोटं असतं ते' असं मी तोडून बोलायला नको होतं. तू माडीवर कानात घालून ती फ्रेंड्स मालिका बघत बसलेली. म्हणालीस, "आई, सव्वीस संपत आलं, यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही." आणि मी तांदूळ निवडत होते, मान पण वर केली नाही.

तू गेल्यावर चिंटूनं मला लावून दिली. खालची अक्षरं वाचत पाच भाग बघितले. हसले की, खोटं कशाला सांगू. पण लक्ष सारखं त्या दाराकडं. जो येतो तो न ठोठावता आत, सरळ फ्रिजच उघडतो. तुझ्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडं आहे गे?

तू शाळेत होतीस तेव्हा, 2015 साली, झीवर दिल दोस्ती दुनियादारी लागायची. ती सहा जणं एका घरात, त्याला माजघर म्हणायची. पोरं-पोरी एकत्र म्हणून आजी नाक मुरडायची, आणि जाहिरात लागली की "संपलं काय?" म्हणून तीच विचारायची. मी पण अशीच राहणार, असं तू तेव्हाच म्हणाली होतीस. राहिलीस. एकटी.

त्या मोनिकाचं एवढं मोठं घर तिच्या आजीचं, जुन्या भाड्यातलं, असं चिंटू सांगत होता. तुझी आजी पाटल्या ठेवून गेली. तेव्हा त्यांच्याशी बरोबरी करू नकोस. ऑफिसातल्या पोरींना घरी बोलाव. रविवारी दार लावून बसू नकोस. रात्री दोन-दोनपर्यंत ते बघत जागू नकोस, डोळे... बघ, लागले शिकवायला. राहू दे. पगार वाढला तुझा, ते मी गल्लीत तीन घरी सांगितलं. बाबांनी किती ठिकाणी, ते विचारू नकोस.

माझी विशी कोण दाखवणार टीव्हीवर? वडगावात दोन खोल्या, भिंतीपलीकडं रात्रभर माग खटखटायचा. बाबा उद्यमबागेत रात्रपाळीला. तू पोटात होतीस, आठवा लागलेला, आणि मध्यरात्री कळ आली. हाक मारली तर मागाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? लाटणं घेऊन भिंतीवर आपटत राहिले. एकदम माग थांबला. तसली शांतता मी परत कधी ऐकली नाही. काकी आल्या त्या केसांत मागाच्या सुताचा भुसा घेऊनच. कडी मी कधी लावलेलीच नव्हती.

जुलैत तू तीन दिवस तापानं पडून होतीस, आणि आम्हाला कळलं आठ दिवसांनी. ते परत काढायचं नाही असं ठरवलं होतं. काढलंच.

तुझी घरमालकीण जिन्यात "ऊट आय्ता?", जेवलीस का, विचारते म्हणालीस ना? मग तिच्याकडं ठेव की एक किल्ली. तुझं कन्नड माझ्यापेक्षा बरं आहे, नीट सांगता येईल.

शेजारच्या देसायांचा पोरगा रविवारी बेंगलोरला चाललाय, त्याच्याकडं हे पत्र आणि बेळगावी कुंदा देतेय. दोन डबे आहेत. लहान तुझा, मोठा तिला. मुद्दाम स्टीलचा घेतलाय. डबा परत द्यायला तरी ती वर येईल.

तुझी,
आई